बुटांच्या खोक्यातली कॅनेडियन फुटबॉल कार्डं: विकू, ग्रेड करू की ठेवू?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून हॅमिल्टनला आलो. गेल्या आठवड्यात एका गराज सेलमध्ये बुटांच्या खोक्यात खेळाडूंचे फोटो असलेली साधारण दोनशे जुनी फुटबॉल कार्डं वीस डॉलरला मिळाली. बऱ्याच कार्डांवर टॉप्स लिहिलंय, काहींवर ओ-पी-ची. खेळाडू एकही ओळखीचा नाही. संघ टायगर-कॅट्स, ब्लू बॉम्बर्स वगैरे, आणि रफरायडर्स नावाचे चक्क दोन. ही खरी आहेत का? ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून अवस्थेचे गुण लावून घ्यायला, पाठवावीत का? आणि नाद लागलाच, तर सुरुवात कुठून करावी?"

आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. तुमच्या फोटोत गठ्ठ्यांना रबर बँड दिसतायत. ते ओढून काढू नका, कात्रीने कापा. जुनं रबर कडक होऊन कागदाला धरतं आणि ओढलं की कडेचा पापुद्रा घेऊनच निघतं. एखादा तुकडा चिकटून राहिला तर राहू द्या, नखाने खरवडू नका. मग प्रत्येक गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं कार्ड वेगळं काढून बघा. पोरं कार्डं नंबराने लावायची आणि वर रबर चढवायची, त्यामुळे संचातलं पहिलं आणि शेवटचं कार्ड हमखास मार खाल्लेलं असतं. म्हणूनच कुठल्याही जुन्या संचाचं पहिलं कार्ड चांगल्या अवस्थेत मिळालं, तर त्यावरचा खेळाडू कितीही सामान्य असो, त्याला भाव येतो.

आता ही कार्डं कसली ते सांगते. हा आपला फुटबॉल नव्हे, आणि पुरता अमेरिकनही नव्हे. कॅनडाच्या खेळात एका बाजूला बारा खेळाडू असतात, मैदान ११० यार्डांचं असतं, आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीनच संधी मिळतात; अमेरिकेत अकरा खेळाडू, शंभर यार्ड आणि चार संधी. ग्रे कप, म्हणजे इथला अजिंक्यपदाचा सामना, १९०९ पासून खेळला जातोय, पण आजची सी.एफ.एल. (कॅनेडियन फुटबॉल लीग) १९५८ मध्ये उभी राहिली. आणि दोन रफरायडर्स ही तुमची चूक नाही. ओटावाचे ‘रफ रायडर्स’ दोन शब्दांत, सस्कॅचेवनचे ‘रफरायडर्स’ एका शब्दात. नऊ संघांच्या लीगमध्ये दोघांचं नाव एकच! इथले लोक स्वतःच त्यावर हसतात. ओटावाचा तो संघ १९९६ मध्ये बंद पडला.

१९५८ हेच वर्ष कार्डांसाठीही मोठं. त्या वर्षी टॉप्स या कार्डांच्या कंपनीने कॅनेडियन फुटबॉलचा आपला पहिला संच काढला, ८८ कार्डांचा. १९५९ आणि १९६० चे संचही ८८ चेच. १९६१ ला १३२, १९६२ ला १६९, १९६३ आणि १९६४ ला परत ८८, आणि १९६५ ला १३२ कार्डं काढून टॉप्सने गाशा गुंडाळला. त्यानंतर ओ-पी-ची आली. ही कंपनी तुमच्यापासून दीड तासावरच्या लंडन, ऑन्टारिओची, १९११ मध्ये सुरू झालेली. तिने स्वतःच्या नावाने १९६८ ला १३२, १९७० ला ११५, १९७१ आणि १९७२ ला प्रत्येकी १३२ कार्डं काढली. पुढे बराच काळ दुष्काळ. १९८१ मध्ये जोगो या छोट्या कंपनीने कृष्णधवल कार्डं काढायला सुरुवात केली, तीही अगदी मोजकी. तुमच्या खोक्यात टॉप्स आणि ओ-पी-ची दोन्ही आहेत, म्हणजे एक तर पोराने दहा-बारा वर्षं जमवलीत, नाहीतर थोरल्या भावाची धाकट्याकडे आलीत. घरोघरी असंच व्हायचं.

टॉप्सच्या आधीचंही थोडं आहे. १९५२ चा पार्कहर्स्ट या कंपनीचा शंभर कार्डांचा संच, आकाराने लहान, आणि त्यात पुष्कळशी कार्डं खेळाडूंची नसून चेंडू कसा पकडावा, कसा अडवावा हे शिकवणारी. १९५४ ला ब्लू रिबन चहाच्या पुड्यांबरोबर ऐंशी कार्डं आली. चहाच्या पुड्यात फुटबॉल, हे आपल्या माणसाला लगेच आवडतं! मात्र ती आल्बममध्ये चिकटवायची सोय होती, त्यामुळे बऱ्याच कार्डांची पाठ सोलून निघालेली असते. घेताना फक्त पुढच्या बाजूचा फोटो दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. १९५६ ला पार्कहर्स्टनेच पन्नास कार्डांचा आणखी एक संच काढला. तुमच्या खोक्यात यातलं एखादं निघालं तर मला लगेच कळवा, पण आशा धरून बसू नका.

तुमच्या फोटोत डावीकडे खाली काही चिंचोळी कार्डं जोडीजोडीने दिसतायत. ती १९६२ ची. त्या वर्षी टॉप्सने दोन खेळाडू शेजारी शेजारी छापले आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटांसारखी छिद्रांची रेघ दिली. पोरांनी काय केलं असेल ते सांगायला नको. टराटरा फाडली. त्यामुळे सुटी कार्डं ढिगाने आणि न फाटलेली जोडी कमी. तुमच्याकडे किमान तीन जोड्या अखंड दिसतायत. त्या छिद्रांवर घडी पडू देऊ नका, दर वेळी हातात घेताना खालून पुठ्ठ्याचा आधार द्या. छिद्रांचा कागद साठ वर्षांनी बिस्किटासारखा होतो. माझी एक जोडी मी स्वतः, फक्त उलटून पाठ वाचायची म्हणून, दोन केलेली आहे.

वर्ष ओळखायला पाठ वाचा. वर्ष छापलेलं नसेल तर मजकुरात "गेल्या मोसमात" काय झालं ते येतं, त्यावरून लागतं. दुसरी खूण संघाची. उदाहरणार्थ जो कॅप हा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारा खेळाडू. तो १९६१ मध्ये कॅलगरीच्या संघातून व्हँकुव्हरच्या बी.सी. लायन्सकडे गेला. कॅलगरीच्या कपड्यांत असेल तर कार्ड १९६१ चं किंवा आधीचं, लायन्सचं नाव असेल तर नंतरचं. कुकी गिलख्रिस्ट १९६२ मध्ये अमेरिकेत बफेलोला गेला, त्याचीही अशीच सीमा आहे. चार-पाच खेळाडूंची ये-जा पाठ झाली की खोकं अर्ध्या तासात वर्षवार लावता येतं.

खरं-खोटं कसं ओळखायचं? ओ-पी-ची, टॉप्सच्या साध्या खेळाडूंची नक्कल करायच्या फंदात कुणी पडत नाही. वीस डॉलरच्या खोक्यात नकली माल असण्याची शक्यता नगण्य. तरी एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि काळी अक्षरं बघा. जुन्या छपाईत काळी अक्षरं सलग काळ्या शाईची, कडा स्वच्छ. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात, कडा विस्कटलेली. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की पुन्हा विसरत नाही. अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली कागद चमकतो का बघा असं कुणी सांगेल, पण साठीच्या दशकातल्या कार्डांना त्या परीक्षेचा फार उपयोग नाही.

नकलेपेक्षा कातरलेलं कार्ड जास्त वेळा गळ्यात पडतं. कोपरा झिजला की कडेची केसभर पट्टी कापायची, कोपरा नवा दिसतो. माझं सांगते. पंधरा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी १९५९ चा अख्खा संच घेतला. कोपरे इतके टोकदार की मी हरखून गेले. घरी आल्यावर शेजारच्या आजोबांनी, म्हणजे ज्यांच्यामुळे मी या नादाला लागले त्यांनी, अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी कार्डांचा गठ्ठा हातात घेतला, पत्त्यांसारखा टेबलावर दोन बाजूंनी ठोकून सरळ केला आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. माझं बोट धरून तेवढंच तिथून फिरवलं. अकरा ठिकाणी बोट खाली गेलं, अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा. टॉप्सचं नेहमीचं कार्ड ६३.५ मिलिमीटर रुंद आणि ८८.९ मिलिमीटर उंच असतं. पण कारखान्यातून निघालेली कार्डंही थोडी कमी-जास्त असतात, म्हणून पट्टीने मोजण्यापेक्षा त्याच संचातल्या इतर कार्डांशी ठोकून बघणं खात्रीचं. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, "जसं आहे तसं" म्हणून विकलं होतं म्हणे. तेव्हापासून पावती वाचल्याशिवाय पैसे देत नाही.

ओ-पी-चीच्या बाबतीत मात्र उलटं वागा. तिच्या कार्डांच्या कडा पुष्कळदा खरखरीत, जणू दाताने कुरतडल्यासारख्या असतात. ते नुकसान नव्हे, कारखान्यातली कटाईच तशी. नवीन माणूस ती कडा पाहून कार्ड बाजूला टाकतो आणि गुळगुळीत कडेचं उचलतो. मी खरखरीत कडा आधी उचलते, कारण ती कुणी कातरलेली नाही हे तिथेच कळतं. या कंपनीच्या कार्डांच्या पाठीवर इंग्रजी आणि फ्रेंच असा दुभाषी मजकूर दिसला तर बिचकू नका, देशच तसा आहे.

१९६२ आणि १९६३ ची काही कार्डं कात्रीने वेडीवाकडी कापलेली सापडली तर ती पोस्ट सीरियलच्या खोक्यांच्या पाठीवरची असतील. पहिल्या वर्षी १३७, दुसऱ्या वर्षी १६०. आईने न्याहारीचं खोकं रिकामं करायच्या आधीच पोराने कात्री चालवलेली असायची. त्यात सरळ कापलेलं कार्ड चांगलं, आणि खोक्याची अख्खी पाठ न कापलेली मिळाली तर फार चांगलं.

आता पैशांचं. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. १९६१ च्या जनगणनेत कॅनडाची लोकसंख्या १ कोटी ८२ लाख होती, अमेरिकेची १९६० मध्ये १७ कोटी ९३ लाख. गिऱ्हाईकच दसपट कमी, म्हणून कार्डंही त्या मानाने कमी छापली गेली. आजच्या घडीला १९६० चं कॅनेडियन कार्ड शोधायला त्याच वर्षीच्या अमेरिकन कार्डापेक्षा जास्त वणवण करावी लागते. यावरून माणूस धरून चालतो की भावही जास्त. नाही! कार्डं कमी आहेत, पण घेणारे त्याहून कमी आहेत. मला १९६४ च्या संचातल्या एका राखीव खेळाडूसाठी चार वर्षं थांबावं लागलं, आणि शेवटी मिळालं ते सात डॉलरला. दुर्मीळ आणि महाग हे दोन वेगळे शब्द आहेत, ते या छंदात रोज आठवावं लागतं.

बाजार इतका पातळ असल्यामुळे किंमतपुस्तकातला आकडा फारसा कामाचा नसतो. लिलावात दोघे हट्टाला पेटले तर भाव आभाळाला, पुढच्या महिन्यात त्यातला एक नसेल तर तेच कार्ड निम्म्याला. म्हणून मागितलेली किंमत बघू नका, विकलं गेलेली किंमत बघा, आणि एका नव्हे, चार-पाच विक्रींची बघा.

भाव चढतो तो मुख्यतः अमेरिकन गिऱ्हाईक आत शिरलं की. जो खेळाडू आधी कॅनडात खेळला आणि मग अमेरिकेत नाव काढलं, त्याचं पहिलं कार्ड कॅनडाचं निघतं. गिलख्रिस्टचं १९५८ चं टॉप्स कार्ड असंच. हा माणूस मला फार आवडतो. कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेमने दिलेला मान त्याने वर्णद्वेषाचं कारण सांगून नाकारला. जो थाइसमन १९७१ ते १९७३ टोरांटोकडून खेळला, त्याचं त्या काळचं ओ-पी-ची कार्ड अमेरिकन कार्डाच्या आधीचं आहे. वॉरन मून एडमंटनचा, १९७८ ते १९८२ सलग पाच ग्रे कप जिंकणाऱ्या संघातला, त्याच्यासाठी लोक जोगोची कार्डं शोधतात. आणि बड ग्रँट, जो विनिपेगकडून आधी खेळला, मग प्रशिक्षक म्हणून १९५८, ५९, ६१ आणि ६२ असे चार कप जिंकला आणि नंतर मिनेसोटाला गेला. ही नावं खोक्यात आधी शोधा. बाकीची बरीचशी कार्डं मधल्या अवस्थेत काही डॉलरांची.

ग्रेडिंगला सगळी पाठवण्याचा विचार सोडून द्या. कंपनी कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का हे बघून एक ते दहा गुण देते आणि कार्ड प्लास्टिकच्या पेटीत बंद करते. शुल्क, सीमेपलीकडे पाठवायचा विम्यासकट खर्च, परत येताना कुरिअरवाल्याची हाताळणी, हे धरलं तर साध्या खेळाडूचं पाच गुणांचं कार्ड ग्रेड करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर सांगितलेल्यांपैकी कुणी निघाला तर त्याचं एकच पाठवा. दुसरा अपवाद: अगदी साध्या खेळाडूचं कार्ड, पण चारही कोपरे सुईसारखे आणि चित्र नेमकं मधोमध. उच्च गुणांचे संच जुळवणारे थोडे वेडे आहेत, त्यांना नेमकं तेच हवं असतं.

पृष्ठभागावर मेणाचा डाग दिसेल, तो पाकिटाच्या मेणकागदाचा. पाठीवर फिकट गुलाबी-तपकिरी चौकोन दिसेल, तो च्युइंगमचा. मेण नायलॉनच्या मोज्याने हळूच पुसणारे लोक आहेत, मी पुसत नाही. पुसलंच तर विकताना सांगा. चेकलिस्ट कार्डावर, म्हणजे संचाची यादी छापलेल्या कार्डावर, पेन्सिलीच्या खुणा असतील तर खोडरबर अजिबात लावू नका. खुणा नसलेली चेकलिस्ट महाग असते हे खरं, पण खोडलेली ही खुणा असलेल्यापेक्षाही वाईट दिसते, आणि तिरक्या उजेडात पेन्सिलीची खाच लपत नाही.

ठेवायचं म्हणाल तर जुने पीव्हीसीचे आल्बम टाळा, त्यांतून तेलकट द्रव सुटतो. पॉलिप्रॉपिलिनचे साधे कव्हर, त्यावर कडक होल्डर. आणि तळघरात नाही. हॅमिल्टनचं तळघर उन्हाळ्यात आपल्या कोकणातल्या माळ्याइतकं ओलं असतं. माझी कार्डं वरच्या मजल्यावर कपाटात असतात, शेजारी आर्द्रतेचा काटा. पन्नास टक्क्यांच्या वर गेला की मला झोप लागत नाही, नवरा हसतो.

सुरुवात कुठून? बहुतेक जण सांगतील की एक वर्ष धरा आणि तो संच पुरा करा. मी सांगेन की गाव धरा. तुम्ही हॅमिल्टनमध्ये राहता, तर टायगर-कॅट्स घ्या, टॉप्सच्या आठही वर्षांचे. खर्च बेताचा आणि प्रत्येक कार्डाची गोष्ट सांगणारं कुणीतरी अजून याच गावात सापडतं. आमचे ते शेजारचे आजोबा पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. १९६२ चा ग्रे कप त्यांनी टोरांटोला जाऊन पाहिला, म्हणजे पाहिला असं ते म्हणतच नाहीत. तळ्यावरून धुकं इतकं आलं की ९ मिनिटं २९ सेकंद उरले असताना खेळ थांबवला आणि दुसऱ्या दिवशी पुरा केला. विनिपेग २८, हॅमिल्टन २७. "एका गुणाने हरलो, आणि तो गुण कुठे गेला ते मला दिसलंही नाही," असं ते अजून म्हणतात. त्यानंतर १९६२ ची ती चिंचोळी कार्डं माझ्यासाठी नुसती कार्डं राहिली नाहीत.

पुढच्याच वर्षी हॅमिल्टनने व्हँकुव्हरला बी.सी. लायन्सना २१-१० हरवलं. त्यात आपल्या अँजेलो मोस्काने लायन्सच्या विली फ्लेमिंगला असं काही आदळलं की लायन्सवाल्यांनी ते कधीच माफ केलं नाही. २०११ मध्ये व्हँकुव्हरला माजी खेळाडूंच्या जेवणात मोस्का आणि तोच जो कॅप समोरासमोर आले, दोघेही सत्तरी ओलांडलेले. कॅपने फूल पुढे केलं, मोस्काने काठी उगारली, आणि भर मंचावर मारामारी झाली. मी कॅप, मोस्का आणि फ्लेमिंग यांची कार्डं आल्बमच्या एकाच पानावर ठेवलीत, मधला कप्पा रिकामा सोडून.

एक खेळाडू मात्र मी गाव सोडूनही जमवते. नॉर्मी क्वांग, कॅलगरीतल्या चिनी किराणा दुकानदाराचा मुलगा. एडमंटनकडून १९५४, ५५ आणि ५६ असे लागोपाठ तीन कप, त्याआधी १९४८ मध्ये कॅलगरीकडून एक, आणि म्हातारपणी २००५ ते २०१० अल्बर्टा प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर. मी या देशात आले त्या वर्षी ऑफिसात माझं आडनाव कुणाला उच्चारता येत नव्हतं. तेव्हा आजोबांनी क्वांगचं एक कोपरा दुमडलेलं कार्ड माझ्या हातावर ठेवलं होतं. ते ग्रेड केलेलं नाही, करणारही नाही.

टोरांटोच्या परिसरात कार्डांचा मोठा एक्स्पो भरतो. तिथे चकचकीत हॉकीच्या टेबलांना वळसा घाला आणि मागच्या रांगेत खोकी मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांकडे जा. यादी कागदावर लिहून न्या, फोनची बॅटरी तिथे कधी पुरत नाही. आणि त्या तीन अखंड जोड्यांचा पाठीकडून फोटो पाठवा. उजवीकडच्या जोडीचा नंबर मला नीट वाचता आला नाही, आणि माझ्या यादीत अजून दोन नंबर कोरे आहेत.